जानीचं खोपट

४ डिसेंबर
रात्री पुन्हा भूकंपाचा हादरा. डहाणूत आम्ही नवराबायको दारात येऊन उभे. अनिलने मिठूला उचललं तरी ती जागी झाली नाही. दहा वर्षांची पोर, आता तिलाही सवय झाली.
सकाळी तलासरीला, शाळेवर. मागच्या भिंतीच्या चिरेत आता बोट जातं. वर्ग बाहेर, चिंचेखाली. निम्मी मुलं बसल्या जागी झोपली. उठवलं नाही. पाड्यावर घरात कोणी झोपत नाही, सगळे खळ्यावर, दवात. तंबू आले ते खालच्या पाड्यालाच पुरले.
जानी भेटली. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, आता तिचं बाळ दीड महिन्याचं. छाती घरघरतेय त्याची. नवरा सोमा झाईला बोटीवर. म्हणाली, "बाय, आत भीती, बाहेर थंडी. पोराला ठेवू कुठं?"
मग दिवसभर तेच डोक्यात.

७ डिसेंबर
धाकटी डहाणूला, कोळीवाड्यात गेले. मावसभाऊ हरीशने जुनी जाळी दिली आणि थर्माकोलची मासळीची खोकी, फुटकी, ढीगभर. "ने गं, आमच्या काय कामाची." स्टेशनजवळच्या मंडपवाल्याने जुने फ्लेक्स दिले, वाढदिवसांचे, निवडणुकीचे. पाड्यावर न्यायला टेम्पो उद्या.
आज सगळं आमच्या गच्चीत. अनिल नाक दाबून फिरतोय. "आता जेवायला मासळी नको, वासच पुरे." हसले. बऱ्याच दिवसांनी.

९ डिसेंबर
रविवारची सुट्टी गेली. पहिलं खोपट उभं केलं, जानीचं. बांबूची कैची, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर जाळी ताणून बांधली म्हणजे वारा उचलणार नाही. आतून थर्माकोल लावला, ऊब राहावी म्हणून. कंबर वाकवून आत जायचं. जड काहीच नाही, पडलं तरी अंगावर बांबू येईल, कौलं नाही. पाड्यातल्या सगळ्यांनी हात लावला.
छतावर कुणा नेत्याचा हसरा चेहरा, उलटा. बाळ त्याच्याकडेच बघत होतं.
जानीची सासू लखमी मात्र येईना. भिंतीला चिरा पडल्यात तरी घरातच. "घर रिकामं टाकलं का लवकर पडतं," म्हणे. किती समजावणार.

१७ डिसेंबर
रोज शाळा सुटली की खोपटं. पाठ गेली. अख्ख्या पाड्यात आता थोडीच घरं उरलीत ज्यांना खोपट नाही. बाळाची घरघर कमी. जानी म्हणाली, रात्री झोपतो.
मीही जरा झोपले.

२२ डिसेंबर
लिहवत नाही पण

जानीचं खोपट जळालं. दुपारी. वारा होता म्हणून तिने चूल तोंडाशी, आडोशाला मांडली. ठिणगी फ्लेक्सला. मी चिंचेखाली पाढे घेत होते. धूर काळा, मग ओरडा. पोचेपर्यंत सांगाडाच. थर्माकोल वितळून गळत होता, पेटलेला. जानी गोधडी ओढायला आत गेली होती, तेव्हा तो तिच्या हातावर पडला. कोपरापर्यंत.
बाळ आत नव्हतं. लखमीने मांडीवर घेतलं होतं, तिच्या त्या चिरा पडलेल्या घरात.
जीपने दवाखान्यात. वाटेत मीच बडबडत होते.

२३ डिसेंबर
सोमा झाईहून आला. दवाखान्याच्या पायरीवर भेटला. रागावला असता तर बरं झालं असतं. खाली बघत म्हणाला, "बाय, तुमी बांधलेलं म्हणून आमी निवांत होतो."
घरी येऊन अंघोळ केली. केसांतला वास जात नाही. मिठूने विचारलं, आई, बाळाला काय झालं? काही नाही झालं म्हटलं. खरंच काही नाही झालं. हेच पुन्हा पुन्हा सांगतेय स्वतःला.

२६ डिसेंबर
सगळ्या खोपटांतला थर्माकोल काढायला सुरुवात केली. मदतीला कोणी आलं नाही, अडवलंही नाही. फक्त सुकरीने हात धरला. दोन लहान लेकरं तिची. "आज रात्री थंडी कशानं थांबल, ते सांग आधी." तरी काढला. ती दुसरीकडे तोंड करून उभी.
रात्री नक्कीच शिव्या घालणार. घालो.

३० डिसेंबर
नवी रीत ठरली. मला एकटीला नाही सुचली, बायकांशी बोलून बोलून. खाली कमरेपर्यंत कारवीचा कूड, दोन्हीकडून शेणमाती लिंपलेली. फ्लेक्स फक्त वर. चूल बाहेर, लांब, तिला जुन्या पत्र्याचा आडोसा. पत्रे वरोर गावातून मिळाले, कुणाची पडवी उतरवली त्याचे, गंजके. शाळेसमोर सगळ्यांदेखत फ्लेक्सचा तुकडा पेटवून दाखवला. लिंपलेल्या कुडाला काडी लावली, काळा डाग पडला, पेटला नाही. सुकरी बघत होती. नंतर तीच माती मळायला बसली.
माती वाळत नाही लवकर. थंडी आहे, ऊन कमी. तोवर लेकरं पोत्यांत.

५ जानेवारी
सकाळी मोठा हादरा. चिंचेखालीच होतो. मुलं किंचाळली नाहीत, नुसती एकमेकांना धरून बसली. लखमीच्या घराची मागची भिंत गेली. ती अंगणात होती, कोंबड्यांना दाणे टाकत. आता ती सुकरीच्या खोपटात. घराकडे पाठ करून बसते.

९ जानेवारी
जानी परत आली. हाताला पट्टी, बोटं अजून उघडत नाहीत. तिच्यासाठी नवं खोपट तयार. सोमाने स्वतः लिंपलंय, दोनदा हात फिरवलाय. माती वाळली.
ती आत आली नाही. बाहेर उभी राहिली, बाळ चांगल्या हातावर. कुडाला हात लावून बघितला, वर फ्लेक्सकडे बघितलं. सोमा म्हणाला, "चल ना." हलली नाही.
मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "बाय, आधी तुमी झोपा एक रात. मिठूला घेऊन."
हो म्हटलं. पण ते लगेच निघालं नाही तोंडातून. मध्ये जो वेळ गेला तो जानीने पाहिला, सोमानेही.
सुकरी म्हणाली, असं काय मागते गं बायकडं. जानी म्हणाली, "मागत नाय. इचारते."

घरी आले. अनिल ड्यूटीवरून यायचाय. मिठू आत अभ्यास करतेय, मोठ्याने वाचतेय. दोन गोधड्या काढून पलंगावर ठेवल्यात. तिला अजून हाक मारली नाही.