मांगरातला कोबा

कुणकेश्वर,
११ मे २०२५

प्रिय रिया,

अनेक आशीर्वाद. मी माहेरी सुखरूप आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत. सुट्ट्या लागल्यामुळे देवळाकडे गर्दी असते, गाड्या पार आमच्या खळ्यापर्यंत येऊन थांबतात. तिकडे रातांबे काढायला घेतले असतील. भाईंच्या डोळ्यांत सकाळचे थेंब आठवणीने घाल. सासरे असले तरी त्या बाबतीत ते लहान मुलासारखे आहेत, मुद्दाम विसरतात.

तुझे फोन येतात ते मी बघते. उचलत नाही. उचलला तर तू रडशील आणि मी "जाऊ दे गो" म्हणेन. तू धाकटी जाऊ होऊन आपल्या घरात आलीस त्याला बारा वर्षं झाली आणि बारा वर्षं हेच चाललंय, म्हणून या वेळी लिहायला बसले. मी आईच्या गुडघ्यांसाठी आले असं तू सुदेशभावजींना सांगितलंस, असं कळलं. असू दे. ह्यांनाही बोटीवर मी तेच कळवलंय.

रातांब्यांचं आगळ आणि सरबताचा धंदा घरच्या घरी करायचा, ही कल्पना तुझीच होती, ते मी कधी नाकारलं नाही. सामान टाकायला बांधलेला घरामागचा मांगर रिकामा होता. जुना पंप, नारळांची सोडणं आणि उंदीर, एवढंच त्यात. परवाना हवा तर जमीन धुता येईल अशी पाहिजे, धूळ सुटता कामा नये, हे तूच चौकशी करून आलीस. आणि मग म्हणालीस, "ताई, तुमी जमिनीचा बघा, कागदांचा मी बघतंय." मला ते बरं वाटलं. कागद म्हटला की मी चार हात लांब राहते, तुला ठाऊक आहे.

मुनीरभाय वीस वर्षं आखातात गोदामांच्या जमिनींना इपॉक्सीचा लेप मारत होते. आपल्या मिठबावात त्यांच्याइतकं ते कोणाला येत नाही. ते दोनदा येऊन दाखवून गेले, बाकी सगळं मी केलं. पंपाखालचे तेलाचे डाग सोडा आणि ब्रशने चार दिवस घासले. ग्राइंडर लावून कोब्याची वरची गुळगुळीत साय काढली. तोंडाला फडकं बांधूनही केस पांढरे व्हायचे. भाई म्हणायचे, संचिता माझ्याआधी म्हातारी झाली. भेगा भरल्या. पाणी शिंपडलं की कोबा ते पिऊन टाकतो का, ते हातभर अंतरावर बघत गेले.

मग प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवला. उचलला तर विहिरीकडच्या कोपऱ्यात खालून थेंब जमलेले. मुनीरभाय म्हणाले, "भाभी, घाई केल्यात तर पावसात पापुद्रो सुटतलो." तू माझ्यावर रागावलीस. तपासणीची तारीख जवळ आली होती. तरी मी पंधरा दिवस थांबले, विहिरीकडचं पाणी बाहेरून वळवलं, पंखा लावून ठेवला, आणि प्लास्टिक कोरडं निघालं तेव्हाच डबा उघडला. तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून थांबले, असं आता लिहावं लागतंय. तेव्हा मी "आपल्या" म्हणाले होते.

शेवटचा हात दिला तो दिवस तुला आठवत असेल. रंगाचा आणि तो घट्ट करणाऱ्या औषधाचा असे दोन्ही डबे एकत्र केल्यावर अर्ध्या तासात संपवावं लागतं, नाहीतर बादलीतच दगड होतो. तू ढवळून देत होतीस, मी आतल्या भिंतीपासून दाराकडे रोलर ओढत मागे मागे येत होते. संपलं तेव्हा आपण दोघी उंबऱ्याबाहेर बसलो. राखाडी जमिनीत छपराचे वासे दिसत होते. तू माझे हात रॉकेलने पुसून दिलेस.

त्या दिवशी अर्ज भरून महिना झाला होता. हे मला नंतर समजलं.

परवाना तू फ्रेम करून भिंतीवर लावलास. मी जमीन पुसायला गेले होते, पुसता पुसता वाचला. तुझं एकटीचं नाव. विचारलं तर म्हणालीस, एकाच नावाने मिळतो, नियमच तसा आहे. मी मान डोलावली. दोन दिवसांनी रेशनकार्डाच्या कामासाठी सेवा केंद्रात गेले. तिथल्या तन्वीने आपणहून विचारलं, "काकी, तुम्ही बाहेर का पडलात? मी दोन नावं घालू का म्हणून विचारलं होतं. रियाकाकी म्हणाल्या, ताईंना नको आहे."

मी रेशनकार्ड पिशवीत टाकलं. घरापर्यंत चालत आले.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. दाराजवळ जमिनीवर हातभर लांब ओरखडा आहे. बरण्यांचा रॅक ओढताना पडला असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. तो मी पाडला. तुम्ही दोघं कणकवलीला गेलात त्या दुपारी मी ग्राइंडर घेऊन मांगरात गेले. सगळी जमीन खरवडून काढायची, जशी होती तशी करून तुझ्या हवाली करायची, असं ठरवून गेले होते. दातावर दात दाबून मशीन टेकवलं. थोडं गेल्यावर खालचा कोबा दिसला आणि आवाज ऐकून भाई काठी टेकत आले.

"काय करतंस गो?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्त करतंय, भाई."

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. म्हणाले, "बरा झाला तुमी दोघींनी मिळून धंदो काढलात ता. जागेच्या कागदार सही घेऊक इली तेव्हा मी रियाक म्हटलंय, आधी वाचून दाखव. तिना वाचून दाखवल्यान. दोघींची नावां आयकलंय, मगे सही केलंय."

रिया, माझं नाव अर्जात घातलं नाहीस, ते मी एक वेळ समजू शकले असते. हाव सुटते माणसाला. पण ज्याला अक्षर दिसत नाही अशा म्हाताऱ्या माणसासमोर बसून, कागदावर नसलेलं माझं नाव तू मोठ्याने वाचलंस. कशा आवाजात वाचलंस, हेच मी इथे आल्यापासून मनात आणून बघते.

मी मशीन बंद केलं, भुकटी गोळा केली, त्यांना हाताला धरून घरात नेलं आणि चहा दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले.

मुनीरभायनी देवगडातल्या एका दवाखान्याच्या जमिनीचं काम मला विचारलंय. मी हो म्हटलं. मांगरात मी आता येणार नाही. ओरखडा तसाच ठेवू नकोस, तिथून पाणी आत जाईल. कडा घासून, पुसून, कोरडं करून दोन हात मारून घे. उरलेले डबे माळ्यावर आहेत. मिसळताना तळ खरवडून ढवळ.

भाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तेवीस तारखेला आहे. पट्टी सुटली की ते आधी मांगरात जाणार, मला तसं बोलून दाखवलंय. फ्रेम काढून लपवलीस तर विचारतील, ठेवलीस तर वाचतील. त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी वाचण्याआधी तू त्यांच्यापाशी बस आणि पुन्हा एकदा वाचून दाखव. जे लिहिलंय तेवढंच.

मी तुझ्यासाठी एवढंच करू शकते. बारा दिवस आहेत.

संचिता