चिमट्यातला आकडा

३ जून
आजपासून काळाचौकीला, मंडळाच्या खोलीतल्या तपासणी केंद्रात काम. झकास जागा, पंखा आहे. माझं शिक्षण सातवी, पण तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात आया होते. शैलामावशी आली म्हटलं की लोक गप रांगेत बसतात. स्क्रीनवर दादरहून डॉक्टर उन्मेष दिसतात. पेशंटच्या बोटाला चिमटा लावायचा, प्राणवायूचा आकडा येतो, तो मोठ्याने वाचायचा. नव्वदच्या खाली आला तर इस्पितळ. बस. चंपा कोळीण म्हणते, काचेतला डाक्टर नाडी कशी बघणार गो? म्हटलं, तू आधी तोंड मिट. सगळे हसले.

९ जून
वरच्या ऑफिसातून मेघना मॅडम केंद्र तपासायला आल्या. काम नीट चाललंय की नाही कसं ठरवतात? किती पेशंट बघितले, किती रकाने भरले. एवढंच. म्हटलं, एक रकाना रिकामा दिसणार नाही.

१२ जून
चंपा आली, धापा टाकत. सकाळभर बर्फातली मासळी उपसलेली, बोटं गारढोण, आकडा येईना. चोळ, लाव, परत चोळ. मागे अकरा माणसं. डॉक्टरांचं किती, किती चाललेलं. टेबलाखाली चिमटा माझ्याच बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणाले घरी जा, आराम करा.

१३ जून
चंपा पहाटे वारली.

१५ जून
तिची मुलगी अपेक्षा आली. पाया पडली माझ्या. म्हणे, मावशी, आकडा चांगला होता ना, मग आमच्याकडून काही राहिलं नाही. सांगायला हवं होतं. चहा दिला.

१८ जून
वसंतराव दम्याचे. अठ्ठ्याण्णव. त्यांच्या मागची बाई. अठ्ठ्याण्णव. नवा चिमटा मागवला. तोच आकडा. टेबलावर नुसता पडलाय, आत कुणाचं बोट नाही — अठ्ठ्याण्णव. आणि माझं बोट कुणीतरी धरलंय. गार. मासळीचा वास.

२१ जून
मेघना मॅडम खूश. आपलं केंद्र पहिलं. खरं सांगायला तोंड उघडलं — आवाजच नाही. अठ्ठ्याण्णव तेवढं निघतं.

२३ जून
अपेक्षा समोर. धाप. ओठ निळे, काचेतून डॉक्टरांना तो रंग कळत नाही. आकडा अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणतायत घरी जा. ओढणी धरून ठेवलीय पोरीची. आवाज परत गेलाय. हीच वही कॅमेऱ्यापुढे धरते —

डॉक्टर, तिला घरी सोडू नका. आकडा तिचा नाही, माझा आहे. चंपाच्या वेळी पण मीच माझं बोट —