कपाटातला नकटा

४ फेब्रुवारी, रविवार

संकल्प: दर रविवारी पहाटे तलावावर जाणे. पाणपक्षी आणि रानफुलं समोर बसून रंगवणे. फोटोवरून नाही. फोटोवरून काय, कोणीही काढतं.

सासरेबुवांना सांगितलं. तीस वर्षं ते तलावावरचे पक्षी मोजत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं आमच्याकडे आहेत आणि खिडकीतून पार्किंग बघतात. ऐकून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, जे दिसेल ते काढून आणा, मला तेवढंच पुरे. बायको एवढंच म्हणाली, बघू. स्वभाव संशयी.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.१५

उठायला जरा उशीर. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात मान मोडणाऱ्या हेडक्लार्कला झोप नको? तरी गेलो. पक्षी होते, पण लांब, आणि एकही धड जागेवर बसेना. पेन्सिलीला टोक करेपर्यंत भुर्र. दोन रानफुलं खुडून खिशात घातली. घरी येईपर्यंत त्यांचा पाला झाला. निसर्गालाच कलेची कदर नाही. उरलेला वेळ चहाच्या टपरीवर चिंतन.

सासरेबुवांना म्हटलं, रंग वाळतायत.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्ग सापडला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात पेंढा भरलेला नकटा आहे. चोचीवर टेंगूळ असलेलं मोठं बदक. पायाखाली फळी. अजिबात हलत नाही. सायन्सच्या बाईंकडून किल्ली घेतली आणि तीन दिवस मधल्या सुट्टीत बसलो. पक्षी खराच आहे, म्हणजे होता. तलाव तेवढा लांब आहे. फळीच्या जागी पाणी, मागे पाणकणीस, काठाला जांभळी रानफुलं. स्वतःवरच खूश.

१८ फेब्रुवारी, रविवार

चित्र दिलं. सासरेबुवा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, नकटा बावीस वर्षांत आपल्या तलावावर आला नाही. इतक्या जवळ बसू दिलं तुम्हाला? म्हटलं, पक्ष्यांना माणूस कळतो.

इथे थांबायला हवं होतं. पण 'आज सकाळीही होता' हे तोंडातून गेलंच. चित्र त्यांच्या पलंगासमोर लावलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सासरेबुवांनी जुन्या पक्षीमित्रांना फोन लावले. रविवारी सहा म्हातारे तलावावर येणार. हे व्हीलचेअरवरून जाणार. मी गारठ्याचं कारण काढून बघितलं. बायको म्हणाली, बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा आपणहून बाहेर निघालेत, तू मोडता घालू नकोस.

संकल्प: शनिवारी खरं सांगून टाकणे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सांगणारच होतो. खोलीत गेलो तर बूट पॉलिश करत बसले होते. गुणगुणत होते. तसाच परत आलो.

शिवाय खरा नकटा उद्या येणारच नाही असं थोडंच आहे?

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११.३०

नाही आला.

साडेतीन तास बसलो. चाक चिखलात रुतलं. मित्र एकेक करून गेले, जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून. सासरेबुवा दुर्बीण खाली ठेवेनात. शेवटी म्हणाले, "तुम्हाला दिसतो आणि मला दिसत नाही. म्हणजे माझे डोळेच गेले, जावईबापू."

मी म्हटलं, वयोमानानुसार होतं असं. असं मी खरंच म्हणालो. लिहितानाही कान गरम होतायत.

घरी आल्यापासून ते खिडकीशी बसलेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. जेवणार नाही म्हणाले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोने रजा टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गाडी मी चालवली. थेंब घालून, दिवे मारून नीट तपासलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, या वयात अशी क्वचित बघायला मिळते. बायकोने माझ्याकडे बघितलं. सासरेबुवांनी नाही.

परत येताना सिग्नलला सगळं सांगितलं. शाळा, कपाट, पेंढा, फळी. सिग्नल सुटला तरी सांगत होतो. मागून हॉर्न वाजत होते.

घरी आल्यावर त्यांनी चित्र उतरवायला सांगितलं. उतरवलं. खिळ्याबरोबर गिलावाही निघाला, भिंतीला हे एवढं भोक. म्हटलं, संध्याकाळी पुट्टी भरतो, वरून रंग लावतो, कोणाला कळणारही नाही.

सासरेबुवा म्हणाले, "राहू दे तसंच. रंग तुम्ही नका लावू."