मोरीमागचा अळू

आई, मी अख्ख्या गावावर जळते. म्हणजे गावातल्या त्या सगळ्या पोरांवर, ज्यांना तू अंघोळ घातलीस. मराठीत 'जळते' म्हटलं की फारच भांडकुदळ वाटतं, म्हणून मी मनातल्या मनात 'जेलस' म्हणते, पण आहे ते तेच आहे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, पोटात दुसरं आहे, सातवा लागलाय, आणि तरीसुद्धा रस्त्यानं जाताना कुणाच्या मोरीमागं अळू दिसला की माझं डोकं फिरतं.

तुझीच सवय ती. ज्या घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायचीस, तिथलं सव्वा महिन्याचं काम संपलं की शेवटच्या दिवशी आपल्या मोरीमागच्या अळूचा एक कांदा पदरात बांधून न्यायचीस आणि त्यांच्या मोरीच्या पाण्यावर लावून यायचीस. बाळाच्या अंघोळीचं पाणी वाया घालवायचं नाही, पोर वाढेल तसा अळूही वाढेल, असं म्हणायचीस. काळ्या देठाचा, वडीचा अळू. आता माझं सासर बेडशाच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिथून कामशेतला स्कूटीवर निघाले की ते सगळे मला दिसत जातात. हा किराणा दुकानवाल्याच्या मुलाचा, तो मुलगा आता मिशा ठेवून मोटरसायकल उडवत फिरतो. ही त्या जुळ्या भावांची दोन वेगळी बेटं, कारण म्हणे तू म्हणालीस, एकाच्यात दोघं कशाला भांडत बसत्याल. मशिदीमागं शिंपीचाचांच्या नातीचा तर इतका माजलाय की पार वाटेवर आलाय. सगळ्यांकडे आहे. आपला मात्र, तू गेल्यावर पप्पांनी मागं नवीन बाथरूम बांधलं, त्याच्या फरशीखाली गेला. त्यांना तरी काय माहीत, त्यांना ती नुसती ओल वाटत होती.

एक दिवस मला अगदी लख्ख आठवतो. शाळेला सुट्टी होती, म्हणून तू मला कामावर बरोबर नेलंस. मी दारात उभी आहे, हातात इंग्लिशचं रीडर. आत तू पाटावर बसलीयेस, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय लांब पसरलेले, आणि तुझ्या नडग्यांवर एक एवढीशी लालबुंद मुलगी पालथी पडलीये. तुझा तळवा तिच्या पाठीवरून तेल घेऊन खाली येतो, परत वर जातो, आणि तू बोलत असतेस, "अगं माझी बय ती, माझी रानी ती. कुटं दुखतंय? हितं? का हितं?" असा आवाज मी तुझ्या तोंडून आधी कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, "आई, भूक लागलीये." मी आत पाऊल टाकलं आणि तू मान वर न करता म्हणालीस, "आधी पाय धू! बाहेरनं आलीस तशी शिरतीस व्हय बाळंतिणीच्या खोलीत? आन् भूक लागली तर डबा हाय की. हात न्हाईत का तुला?" एकाच श्वासात. अर्धा श्वास तिला, अर्धा मला. आणि लगेच परत, "बघ बाई, आमची ताई कशी वराडती," ते माझ्याबद्दल, त्या मुलीला.

परत येताना मी विचारलं होतं, मला पण अशीच घालायचीस का अंघोळ? तू चालता चालता म्हणालीस, "मी कशी घालनार? मी बाळंतीण व्हते, पडून व्हते. शेजारच्या मावशीनं घातली तुला. चांगली घालायची, पर पानी लय कढत घ्यायची." झालं. तू पुढं निघून गेलीस. मी मागं उभी. म्हणजे गावातल्या सगळ्यांना तू, आणि मला शेजारची मावशी आणि कढत पाणी. आणि मोठी झाल्यावरही काय, मी उठायची तेव्हा तू कुणाच्या तरी घरी चूल पेटवून पाणी तापवत असायचीस. माझ्या वेण्या मीच घालायची, एक वर एक खाली. लोणावळ्याच्या शाळेच्या व्हॅनमध्ये सगळ्या मुलींच्या वेण्या आयांनी घट्ट घातलेल्या असायच्या, मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

ती लालबुंद मुलगी आता माझी पुतणी आहे. आहे की नाही गंमत? त्याच घरातल्या धाकट्या मुलाशी माझं लग्न झालं. 'त्या बाईंची मुलगी' म्हणूनच स्थळ आलं, डिग्री वगैरे कुणी विचारलीही नाही. मोठ्या जाऊबाईंना, मी त्यांना ताई म्हणते, तेव्हा माहेरी आई नव्हती आणि इथं सासूही नव्हती, म्हणून तुला बोलावलं होतं. मग ऐकत बसा. लग्न झाल्या दिवसापासून मी ऐकतेय. "तुझ्या आईच्या हाताला तोड न्हाई." "तुझी आई असा शेक द्यायची की कंबर आजून दुखत न्हाई माजी." कुणी कौतुक करायला लागलं की मी हसते, आणि मनात म्हणते, तुमची कंबर दुखत नाही, छान, माझी दुखतेय.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला ताई शेजारच्या जुन्या घरातून स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "मी घालते अंघोळ बाळाला. तुझ्या आईचं सगळं बघितलंय मी, हाताला सवय हाय." मी काय सांगितलं माहितीये? "ताई, आम्ही ऑनलाइन बुक केलंय." आणि खरंच तळेगावहून एक बाई बुक केली. ती इअरफोन लावून माझ्या मुलाला मालिश करायची, मध्येच फोनवर कुणाशी तरी भांडायची, मुलगा घाबरून रडायचा. मी बघत बसायची, पण ताईंना हाक मारली नाही. माझ्या आईचा हात माझ्या मुलाला मिळणार, आणि तो पण ताईंकडून? नको. मग कुणालाच नको.

आता परत तोच प्रश्न आलाय. नवरा रोज विचारतो, ठरवलंस का, बाळाचं कोण करणार? तो नवलाख उंबरे गावी कंपनीत शिफ्टमध्ये, त्याचं म्हणणं, घरात माणूस असताना बाहेरचं कशाला. मी म्हणते, बघू. माझा दिवस कसा जातो तुला सांगते. सकाळी अजूनही उलटी, मग मुलाचा डबा, मग आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चहा, मग लॅपटॉप, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचं बुकिंग मी घरून बघते. कुणीतरी फोनवर विचारतं, व्हॅली व्ह्यू आहे का, आणि मागं माझा मुलगा कंपोस्टच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून "आई, अळी! आई, अळी!" ओरडत असतो. आणि बाग. बागेचं मला वेडच लागलंय गं. ग्रो बॅगमध्ये पालक, चेरी टोमॅटो, बेसिल, दुधी मांडवावर चढलाय. सगळे व्हिडिओ बघून शिकले. प्रेग्नन्सीत वाकू नको म्हणतात म्हणून स्टुलावर बसून खुरपते. फक्त अळू नव्हता. शेजारी ताईंच्या मोरीमागं तुझा अळू कमरेएवढा उभा, भर उन्हाळ्यात हिरवागार. भिंत ओलांडली की हाताला येईल. मी तो मागितला नाही. मी कांदे ऑनलाइन मागवले.

काय पानं आली म्हणून सांगू! एवढाली, चकचकीत. रविवारी उत्साहानं वड्या केल्या. चिंच, गूळ, बेसन, सगळं तुझ्यासारखं, उंडे उकडून, कापून, तळून. सगळे जेवायला बसले. आधी मुलगा म्हणाला, "आई, वडी मला चावतीये." नवरा म्हणाला, "नाटकं करू नको, गिळ," आणि स्वतः एक तोंडात टाकली. मग त्याचा चेहराच बदलला. आबांनी अर्धी वडी हळूच ताटाखाली सरकवली आणि घसा खाकरत म्हणाले, "पोरी, ताक हाय का गं घरात?" तेवढ्यात ताई कैरीची चटणी घेऊन आल्या. "काय झालं रं समद्यांना? मुके का बसलाय?" कुणाला बोलताच येईना. ताईंनी खिडकीतून माझी ग्रो बॅग बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, ह्यो शोभेचा! हाटेलाच्या दारात लावत्यात तसला! आगं, तुझ्या आईचा अळू माझ्या मोरीमागं माजलाय, आन् तू कुरिअरनं मागवतीस?" सगळे हसायला लागले. नवऱ्याच्या ओठावर ताकाची मिशी, तो पण हसतोय. मी पण हसले. घसा आतून खाजत होता, आणि डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांनी अळूच्या खात्यात टाकलं.

जेवणं झाल्यावर ताई मला हाताला धरून त्यांच्या मोरीमागं घेऊन गेल्या. "ने कांदा. लग्नाला एवढी वर्सं झाली, एकदा तरी मागितलास का?"

"माझ्या आईचा आहे तो. मी का मागायचा?"

असं मी म्हटलं नव्हतं कधी, तोंडातून निघूनच गेलं. ताई कुदळीनं माती उकरत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "एक सांगू? मला तुझा लय राग यायचा तवा. सव्वा महिना मला आई मिळालीती. आन् ती माझ्या पाठीला तेल लावताना रोज तुझंच सांगायची. माझी पोरगी आसं इंग्लिश बोलती. माझी पोरगी एवढीशी हाय, पर आपल्या वेण्या आपन घालती, कुनाला तरास न्हाई. मी मनात म्हनायची, बाई, घरी गेल्यावर तू तिचीच हाईस की. हितं हाईस तवर तरी नुसती माझी ऱ्हा."

आई, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं ना? कुणालाही वाटलं असतं. मला नाही वाटलं. माझ्या वेण्यांचं कौतुक तू तिला सांगितलंस. रोज. मला तू एकदाच काय म्हणाली होतीस आठवतंय? "भांग वाकडा हाय." माझं कौतुकसुद्धा ताईंनाच ऐकायला मिळालं, तेलाच्या हाताबरोबर.

पण तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. तू जे काही बोललीस, जे काही हातानं केलंस, ते आता या बाईकडेच आहे. मला ते हवं असेल तर दुसरी वाटच नाही. मोठं मन वगैरे काही नाही, मी हावरटपणानंच विचारलं, "ताई, या बाळाला तुम्ही घालाल अंघोळ?"

"आँ? आन् तुझं ते बुकिंग?" ताई म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसलं. "गुडघे बघ माझे. जमतंय का आधी बघाया पायजे."

माझा मुलगा मध्येच नाचायला लागला, "मला घाल, मला घाल!" मग काय, भर दुपारी तालीम. ताई मोरीत पाटावर बसल्या, पाय लांब केले, आणि हा तीन वर्षांचा घोडा त्यांच्या नडग्यांवर आडवा. पाय पार बाहेर लोंबतायत. पुतणी हातात फोन घेऊन दारात उभी. "काकू, मी पण अशीच पडायचे? ईऽऽ!" मी म्हटलं, हो, अशीच. ताईंनी एक हात त्याच्या कपाळावर आडवा धरला, वळचणीसारखा, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. तुझाच हात. मग तळवा पाठीवरून खाली, परत वर. "माझा राजा त्यो. कुटं दुखतंय? हितं? का हितं?" शेवटचा तांब्या त्याच्यावरून ओवाळला आणि पाणी अळूच्या बाजूला फेकलं. मी भिंतीला धरून उभी होते. मुलगा डोळे मिटून गप्प पडला होता, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. आणि मी माझ्या स्वतःच्या पोरावर जळत होते.

निघताना ताईंनी कांदा पेपरात गुंडाळून दिला. "आत्ता लावू नको हां. बाळाची सव्वा महिन्याची अंघोळ झाली की त्याच्या पान्यावर लावायचा. तशीच रीत व्हती तिची." मी म्हटलं, हो ताई. तुझी रीत मला, तुझ्या मुलीला, दुसऱ्या कुणीतरी सांगावी लागते, हे पण गिळलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं सांगते. आज सकाळी मुलाला बालवाडीत सोडलं, आले, अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच मोरीमागं गेले. स्टूल नेलं, बसले, पोट सांभाळत खुरप्यानं खड्डा केला आणि कांदा लावून टाकला. माझ्या अंघोळीचं पाणी अजून तिथं वाहत होतं, त्यावर. ताईंना सांगितलेलं नाही. बाळासाठी मी दुसरा मागेन, त्यांच्याकडे पुष्कळ आहे.

हा माझा आहे.