पायडलवरचा फेरफटका

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा पुरता वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घातलाय असं समजा.) तुमची साखर आणि वहिनींचा खोकला कसा आहे? मी बरा आहे, म्हणजे दुकानात येणाऱ्यांना तसं सांगतो.

तुमची बहीण गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून मी गल्लीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. खाली दुकान, वर घर, कशाला टाकतोय! डॉक्टर म्हणाले, असेच बसलात तर सांधा कायमचा आखडेल, मग काठी, मग खाट. आणि धाडलं एका मानसशास्त्रवाल्या बाईंकडे. (दुखणं गुडघ्याचं, इलाज डोक्याचा!) पण बाई हुशार. दर गुरुवारी गल्लीतल्याच दवाखान्याच्या माडीवर आम्हा नऊ म्हाताऱ्यांना गोल बसवतात, झेपेल एवढंच ठरवा म्हणतात, रोजची पावलं वहीत लिहायला लावतात. पावलं मोजायला मनगटी पट्टा दिला. मी तो घोट्याला बांधला आणि शिलाई मशीनवर बसलो. पायडल मारताना पाय हलतोच की! चाळीस वर्षं तसाच हललाय, म्हणून तर फुटपाथवरचं मशीन दुकानात आलं. संध्याकाळी आकडा अकरा हजार. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, मीही फुगलो. (शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये ते याचसाठी.)

पण माझे कान तिखट. जिन्यात आमच्या नऊजणांतले निवृत्त पोस्टमास्तर सुनेला म्हणत होते, "शिंपी अकरा हजार चालतो गं. माझी चारशे होत नाहीत. नको आणूस मला आता." पुढच्या गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी.

मग बाईंपुढे सगळं ओकलो. वाटलं, झाडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पाय तर चालतोय, काका. मग रस्त्यावर कुठे अडतं?"

दादा, अडतं ते कोपऱ्यावर. फिरायला निघालो की तुमची बहीण म्हणायची उजवीकडे, मी म्हणायचो डावीकडे. पाच मिनिटं जुंपायची आणि जायचो उजवीकडेच. आता तिथवर जातो, उभा राहतो. कुणी काही म्हणत नाही. परत येतो.

पोस्टमास्तरांना फोन करून खरं सांगितलं. शिव्या घालून झाल्यावर म्हणाले, "तू कोपरा ओलांड, मग मी खुर्चीवर येतो." म्हणजे आता दोघांचे पाय माझ्या गळ्यात.

तुमचा मेव्हणा

ता.क. बाई म्हणतात, चालायला सोबत लागते, फोनवरची असली तरी चालेल. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला फोन करा. मी कोपऱ्यावर असेन. डावीकडे म्हणालो तर उजवीकडे म्हणा, आणि माझं मुळीच ऐकू नका.

आणखी ता.क. पहिल्या दिवशी मी काही बोललोच नाही, तर फोन ठेवू नका. चिडलात की तुमचा आवाज थेट तिच्यासारखा लागतो. इतकी वर्षं मुद्दाम सांगितलं नव्हतं.