पहिली कळशी

१४ मार्च १९९५, पनवेल

गळका पाइप बघायला आज प्लंबर आला होता. किल्लीने खरवडला तर आत चांदीसारखा चकाकला. म्हणाला, "काकू, हे शिसं आहे. रात्रभर यात राहिलेलं पाणी पिऊ नका, पोटात विष जातं."

आणि मी काय करत आले? माझी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन दोन महिने झाले. रोज सकाळी नळ आला की पहिली कळशी तिची. कुणाचा हात लागायच्या आधीचं, ताजं म्हणून. पहिलीच कळशी.

उरलेलं पाणी आत्ता मोरीत ओतलं. तेवढ्यात सुमन पेला घेऊन आली. "आई, माझं पाणी संपलं?"

"कळशी कलंडली गं," म्हटलं. तिच्या पोटाकडे बघवेना.