मालक कुठे भेटतील?

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या दोन्ही पायांना (उजव्या टाचेला पुन्हा भेग पडल्याचं कळलं, तिला जरा हळू) साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? जिना चढताना दम लागतो का? गुरं बरी आहेत ना? आणि तो पांढरा कुत्रा अजून तुमच्याच खुर्चीत बसतो का? वहिनी गेल्यापासून तुम्ही दिवसभर त्याच्याशीच बोलता, असं गडी फोनवर सांगत होता. मी इकडे ठीक. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता दुरून येणारा माणूसही स्पष्ट दिसतो, फक्त ओळखीचं कुणी येत नाही एवढंच.

लेकीचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. ती इस्पितळात नर्स, सध्या रात्रपाळी, म्हणजे या घरात सकाळी नऊला रात्र होते. आणि आपल्या घराण्याचा आवाज तुम्हाला माहीतच आहे, दोन शेतांपलीकडच्या गड्याला हाक जावी म्हणून कमावलेला. मी नुसता खाकरलो तरी पोर दचकून उठायची. आठवडाभर तिने सोसलं, मग हात जोडून म्हणाली, "बाबा, चारपर्यंत कुठेतरी जाऊन बसा ना." दादा, चाळीस एकरांच्या धन्यावर बसायला जागा शोधायची वेळ आली! आणि शहरात नुसतं बसणं वाटतं तितकं सोपं नाही. दुकानापुढे टेकलो की लगेच काय हवं म्हणून विचारतात. बसथांब्यावर बसलो तर प्रत्येक बस माझ्यासाठी थांबे, आणि मी चढलो नाही की ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करी (त्यात तुम्हीही आलात, क्षमा असावी). बँकेतला पंखा चांगला होता, पण तिसऱ्या दिवशी बंदूकवाल्याने खातं कुठल्या नावाने आहे ते विचारलं.

चौथ्या दिवशी बाग दिसली. फाटक सताड उघडं, कुलूप नाही, कुत्रा नाही. आता आपल्याकडची शिस्त अशी की दुसऱ्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि आपल्या जमिनीत कुणी टाकला तर त्याचा पाय धड ठेवायचा नाही. म्हणून मी कोटाची बटणं लावली आणि रखवालदाराला अदबीने विचारलं, मालक कुठे भेटतील? तो कान कोरत होता. काडी बाहेर न काढताच म्हणाला, "तुम्हीच की मालक. जा आत."

आपल्या घराण्यात 'तू मालक आहेस' हे कुणाला दोनदा सांगावं लागलेलं नाही. मी आत जाऊन थेट पाहणीच सुरू केली. झुडपांची रांग तिरकी कापली म्हणून माळ्याला झापलं. पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेल्या दोन विद्यार्थ्यांना उठवलं (ते उठले, सॉरी म्हणाले आणि पलीकडच्या झाडाखाली जाऊन झोपले). कारंज्याजवळ उन्हातल्या बाकावर एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. समोरच्या गल्लीत बिनखिडकीच्या दुकानात त्या दिवसभर कपडे शिवतात, हे मला नंतर कळलं. मी त्यांना म्हटलं, इथे खरकटं सांडायचं नाही, उठा. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. मग विचारलं, "तुम्ही कोण?" मी छाती काढून म्हटलं, मालक. "बरं झालं, मीपण मालकच. सरका थोडे, ऊन अडतंय."

आणि दादा, मी सरकलो. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. जरा अवघडल्यासारखं झालं, पण कुठे मोडलं-बिडलं नाही.

आता रोज तिथेच असतो. बाकावर आम्ही चौघं: मी, शिवणाऱ्या बाई डब्याच्या सुट्टीत, एक निवृत्त बसड्रायव्हर (तो नव्हे, पण उद्धार तितकाच छान करतो), आणि एक घड्याळजी. घड्याळजींना ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्या आवाजाचं शहरात पहिल्यांदाच कुणी कौतुक केलं. मागच्या आठवड्यात मला पडसं झालं आणि दोन दिवस जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर माझ्या टोकाला रुमाल टाकून जागा धरलेली, आणि रखवालदार मलाच रागावला, "होता कुठे? बाई चारदा विचारून गेल्या." डोळ्यांत पाणी आलं (ऑपरेशनच्या नव्हे, चांगल्या डोळ्यात).

तुमच्या फोनवरून कळलं की ओढ्याकाठच्या आपल्या बागेला तारेऐवजी पुरुषभर उंच भिंत घालायची आणि सोमवारी गवंडी येणार. कल्पना माझीच, नाकबूल करत नाही. गेल्या वर्षी मीच हट्टाला पेटलो होतो. पण हल्ली मला आपला झोपाळा सारखा आठवतो. तारेपलीकडे गड्यांची पोरं ओळीने उभी राहून बघायची आणि आत आपण दोघं. एकाने झुलायचं, दुसऱ्याने काठी घेऊन राखण करायची. खरं सांगतो, राखणीच्या पाळीत मला काडीची मजा येत नसे. तुम्हाला येत होती का? त्या बागेत मी दोन दिवस दिसलो नाही म्हणून कधी कुणी विचारलं नाही, कारण विचारणारं कुणी आपण आत सोडलंच नव्हतं. उद्या तुम्ही दिसला नाहीत तर कोण विचारील? कुत्रा? मला तुमची फार काळजी वाटते, दादा.

बाकी क्षेम. जेवण वेळेवर घ्या, टाचेला तेल लावा.

तुमचा धाकटा (आणि आता सरकता) भाऊ

ता. क. वरचं सगळं घाईत वाचलंत तरी चालेल. काम एवढंच की गवंडी आला की त्याच विटांचे झाडाखाली दोन बाक बांधून घ्या, चार-चार माणसांचे. एका टोकाला तुम्ही बसा, आणि कुणी आलं की सरका. पहिल्यांदा कंबर जरा धरते, मग सवय होते.

आणखी एक. बागेच्या फाटकाची किल्ली दोन महिने शोधताय आणि त्यापायी बिचाऱ्या गड्याला रोज बोलताय, असं कळलं. ती माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. येताना सवयीने घेऊन आलो आणि सांगायचा धीर झाला नाही. आता परत पाठवणार नाही. गवंड्याकडे हातोडा असेलच, कुलपावर पहिला घाव तुम्ही घाला. मग झोपाळ्यावर गड्याच्या नातवंडांना आधी बसू द्या. राखणीला उभं राहू नका, झोका द्यायला राहा.